खिशातले पाच प्रश्न

टेलरबाईंना त्या विषयात पहिल्या वेळी एकतीस गुण मिळाले आणि दुसऱ्या वेळी अठ्ठावीस. पास व्हायला चाळीस लागत होते.

विषयाचे नाव 'काम, कारागीर आणि कारखाना'. नाव ऐकून बाईंना तो हातचा मळ वाटला होता. बावीस वर्षे त्या दुसरे काही करतच नव्हत्या. पहिल्या परीक्षेत त्यांनी माहीत होते ते सगळे लिहिले, चार पुरवण्या जोडल्या आणि समाधानाने बाहेर आल्या. निकालानंतर अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत एक ओळ सापडली : 'माहिती भरपूर. विश्लेषण कुठे आहे?' दुसऱ्या वेळी त्या बारा उत्तरे तोंडपाठ करून गेल्या आणि त्यांतली सर्वांत चांगली चार लिहून आल्या. शेरा होता : 'उत्तरे चांगली. प्रश्न वेगळे होते.'

आता तिसरी खेप, आणि शेवटची. पदवी सात वर्षांत पुरी करावी लागे आणि हे सातवे वर्ष होते. बाकीचे सतरा पेपर सुटले होते. हा अडकला तर ते सतराही पाण्यात. शिवाय शिवणकाम प्रशिक्षण केंद्रात बाई चार वर्षे हंगामी म्हणून कापकाम शिकवत होत्या, आणि केंद्राच्या मुख्याध्यापिकांनी यंदा स्वच्छ सांगितले होते, "बाई, तुमच्या हाताला तोड नाही. पण फायलीत हात लावता येत नाहीत, कागद लागतो. पदवी आणा, जागा कायम करते. नाही आणलीत तर कुणी पदवीवाली येईल, आणि तिला कात्री कशी धरायची ते तुम्हीच शिकवून जाल."

परीक्षा अठरा तारखेला होती. एक तारखेपासून घर कामाला लागले. घर म्हणजे तीन माणसे. एक बाई. दुसरे त्यांचे यजमान, जे पाणीखात्यात घरोघरच्या मीटरचे आकडे टिपत आणि ज्यांना गल्लीत सगळे मीटरवाले म्हणत. तिसरी लेक, वय वीस, जिने हाच पेपर त्याच कॉलेजात गेल्या वर्षी पहिल्या फटक्यात एकाहत्तर गुणांनी सोडवला होता. ते गुण ती घरात शक्यतो बोलून दाखवत नसे. दिवसातून दोनदा, फार तर.

दुकान पुढच्या खोलीत होते : दोन शिलाई मशीन, इस्त्रीचे टेबल, आणि मधोमध कापायचे मोठे टेबल, ज्याच्या एका कोपऱ्यावर आता पुस्तक उघडे पडलेले असे आणि त्यावर वजन म्हणून कात्री.

पहिला हल्ला मीटरवाल्यांनी केला. लेकीकडून दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेतल्या, चार संध्याकाळी पट्टी लावून रकाने आखले आणि पाच तारखेला दुपारच्या जेवणानंतर निष्कर्ष जाहीर केला.

"यंदा तीन 'चर्चा करा' येणार. दोन 'कारणे द्या'. 'तुलना करा' सव्वा."

"सव्वा?" लेक म्हणाली.

"सरासरी आहे. एक नक्की, पावाची शक्यता. 'टीपा लिहा' दर तिसऱ्या वर्षी कोरडं जातं, यंदा कोरडं आहे."

लेकीने तक्ता उलटसुलट करून पाहिला. "बाबा, पण चर्चा कशावर करायची ते कुठे लिहिलंय?"

"ते कशाला?"

"प्रश्न कशावर आहे हे नको?"

"मी मीटर वाचतो तेव्हा लोकांनी त्या पाण्यानं आंघोळ केली की गाडी धुतली ते लिहितो का? आकडा महत्त्वाचा." त्यांनी तक्ता परत घेतला आणि भिंतीवर, मापाच्या टेपशेजारी, खिळ्याला अडकवला.

लेकीची पद्धत वेगळी होती. ती स्टूल ओढून मशीनसमोर बसली. "आई, सर काय विचारतील ते ओळखत बसू नकोस. तू सर असतीस तर काय विचारलं असतंस, ते शोध."

"एकच झालं."

"नाही झालं. बरं सांग, कारखाने आले तेव्हा हातानं विणणाऱ्यांचं काय झालं?"

"वाईट झालं."

"का?"

"का म्हणजे? झालं ते झालं. पान एकशे बारा."

"पण का झालं?"

"तू त्या सरांसारखी बोलू नकोस," बाई म्हणाल्या आणि मशीन चालू केली.

ते सर म्हणजे पण-का सर. विद्यार्थ्यांनी ठेवलेले नाव. कुणी काहीही सांगितले, अगदी 'सर, आज बस उशिरा आली' असे जरी, तरी ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "पण का?" हा पेपर तेच काढतात आणि तेच तपासतात असे कॉलेजात सगळ्यांना माहीत होते. बाईंनी त्यांचे संध्याकाळचे अकरा वर्ग मागच्या बाकावरून ऐकले होते. बाईंना सरांची पाठ ओळखीची होती. सरांना बाई ओळखीच्या असण्याचे कारण नव्हते.

आणि नऊ तारखेला सकाळी साडेदहाला हेच सर हातावर एक राखाडी कोट घेऊन दुकानात आले.

"हा कोट घट्ट झालाय," ते म्हणाले.

"कोट आहे तेवढाच आहे," बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेले. गिऱ्हाईक कोण आहे हे त्यांना त्यानंतर कळले.

सरांनी चष्म्यावरून पाहिले. थोडा विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चोवीस तारखेला एक सत्कार आहे. माझा नाही, पण मला बोलायचंय. होईल?"

बाईंनी कोट अंगावर चढवायला सांगितला, बटण लावून पाहिले, लागले नाही, मग टेप फिरवली आणि पावतीवर लिहिले : क्रमांक ४१७. घेर दोन इंच सोडणे. "बावीसला या."

सर गेल्यावर त्यांनी कोटाचे खिसे तपासले. हा दुकानाचा नियम होता. खिशात निघेल ते न बघता पाकिटात घालायचे, पाकिटावर पावतीचा क्रमांक टाकायचा, टाचणी लावायची आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचे. गिऱ्हाईक आले की कपड्याबरोबर परत. आतल्या खिशात चौघडी घातलेला एक कागद होता. बाईंनी तो उघडला नाही. पण घडीच्या बाहेरच्या बाजूला शाई उमटली होती आणि तिथे 'प्र. १' एवढे वाचायला डोळ्यांना परवानगी लागत नाही. बाईंनी कागद पाकिटात घातला, ४१७ लिहिले, टाचणी टोचली, ड्रॉवर बंद केला.

इथपर्यंत सगळे ठीक होते. चूक त्यांनी दुपारी केली. जेवताना ही गोष्ट सांगितली.

मीटरवाल्यांचा घास हातातच राहिला. "सरांचा कोट. कोटात प्रश्न. सर पेपर काढतात. तुझा पेपर नऊ दिवसांवर. आणि मध्ये काय? एक टाचणी!"

"हो."

"दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच."

"अहो, बावीस वर्षांत त्या ड्रॉवरमधून काय काय गेलंय. एका गिऱ्हाइकाच्या पँटीत दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बायकोचं पत्र होतं. दोघांच्याही पँटी मी वेळेवर दिल्या."

"न वाचता तुला कसं कळलं कुणाचं पत्र?" लेकीने विचारले.

"वर अक्षर होतं ना. तिचेही कपडे माझ्याकडेच असतात. मापाचा कागद स्वतः लिहून आणते." बाई पाणी प्यायल्या. "गिऱ्हाईक आपल्याला उघडा खिसा देऊन जातं. तिथे हात घालायचा असेल तर दुकान कशाला, गर्दीत फिरावं."

विषय संपला. म्हणजे बाईंच्या बाजूने संपला.

अकरा तारखेला सकाळी त्या दुसऱ्या कुणाचे पाकीट काढायला गेल्या आणि ४१७ वर नजर गेली. बाई टाचणी लावतात तेव्हा डोके उजवीकडे येते. नेहमी. या टाचणीचे डोके डावीकडे होते. घरात डावखुरा माणूस एकच होता. बाईंनी टाचणी काढून पुन्हा आपल्या पद्धतीने लावली, ड्रॉवर बंद केला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. प्रश्न आता कुठल्या वाटेने बाहेर येतात ते त्यांना बघायचे होते.

फार वाट पाहावी लागली नाही.

"काय गं," दुपारी मीटरवाले छताकडे बघत म्हणाले, "लोकांनी यंत्रं का फोडली असतील?"

लेकीला ठसका लागला.

"कुठली यंत्रं?" बाईंनी विचारले.

"कुठली असं नाही. सहज. मीटर वाचता वाचता मनात आलं."

बारा तारखेला सकाळी दाढी करताना, तोंडाला फेस असतानाच, ते दारात येऊन उभे राहिले. "घरात बसून काम करणाऱ्या बायकांचं काम कुणी मोजत नाही, हे किती वाईट आहे. नाही का? कारणांसह?"

"वाईट आहे," बाई म्हणाल्या. "फेस सांडतोय."

त्याच दुपारी तिसरा आला. "कौशल्य आणि वेग या दोन गोष्टी एकमेकांच्या..." मीटरवाले अडखळले, त्यांनी आठवून पाहिले, "...विरोधी आहेत का पूरक, असं मी आज एका घरी मीटर वाचताना..."

बाईंनी कात्री खाली ठेवली. तिचा टेबलावर आवाज झाला.

"उरलेलेही आत्ताच विचारून टाका. हप्त्याहप्त्यानं कशाला?"

लेकीने पुस्तक तोंडासमोर धरले; ते उलटे होते.

"कुठले उरलेले?" मीटरवाले म्हणाले.

"तुम्ही टाचणी डाव्या हातानं लावलीत."

मीटरवाल्यांनी आपल्या डाव्या हाताकडे असे पाहिले, जणू तो परस्पर काही करून आला होता. मग त्यांचा धीर सुटला. "अगं, सात वर्षं! मी बघतोय ना! पहाटे पाचला उठून वाचतेस. मागच्या वेळी निकाल लागला तेव्हा दोन दिवस मशीनला हात लावला नाहीस. मला आकड्यांपलीकडे काही येत नाही, म्हणून म्हटलं एवढं तरी... तू नाही वाचलंस, पाचही प्रश्न मी वाचले. पाप माझं. तू फक्त उत्तरं तयार कर!"

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले. रागावणार होत्या, तेवढा राग जमला नाही. त्या उठल्या आणि हँगरवरून राखाडी कोट काढून टेबलावर पसरला.

"पाप केलंत ते केलंत, वर फुकट केलंत. तो कागद जुना आहे."

"कशावरून? तू तर उघडलाही नाहीस!"

"कागद कशाला उघडायचा? कोट उघडा आहे ना. वास घ्या."

मीटरवाल्यांनी नाक लावले. "डांबरगोळ्या."

"म्हणजे कपाटातून थेट इथे आलाय, मध्ये वारा लागलेला नाही. आता हे बटण बघा. कोट दोन इंचांनी घट्ट आहे. असा कोट कुणी महिनाभर जरी ओढूनताणून घातला तर मधल्या बटणाचा दोरा लांबतो, काजाचं तोंड फाकतं. इथे दोरा ताठ, काज मिटलेलं. म्हणजे पोट आल्यापासून हा अंगावर चढलेलाच नाही. बरोबर?"

"बरोबर."

"बसून काम करणाऱ्या माणसाचं पोट दोन इंच सुटायला किती दिवस लागतात? मी मापं घेते, मला विचारा. वर्षाला एक इंच. म्हणजे कोट दोन वर्षं कपाटात. मग त्याच्या आतल्या खिशात यंदाचा कागद कुठून येईल?"

मीटरवाले खाली बसले.

"शिवाय यंत्रं फोडण्याचा प्रश्न दोन वर्षांपूर्वीच्या पेपरात होता. मी लिहिलाय तो. त्याच पेपरात मला एकतीस मिळाले. तुमच्या तक्त्यातही आहे." बाईंनी भिंतीकडे बोट दाखवले. "'कारणे द्या'च्या रकान्यात. एक रेघ."

दहा वर्षांचे चौऱ्याऐंशी प्रश्न स्वतःच्या हाताने तक्त्यात घालून त्यांतला एकही न वाचलेला माणूस भिंतीवरच्या त्या रेघेकडे बघत राहिला.

लेकीने पुस्तक खाली केले होते. "आई, तू आत्ता काय केलंस?"

"काय केलं?"

"हे. वास, बटण, काज, दोन वर्षं. हे विश्लेषण आहे."

"हे?" बाई हसल्या. "हे तर मी रोज करते."

"मग पेपरात का करत नाहीस?"

"पेपरात कोट कुठे असतो?"

लेक स्टुलावरून उठली. तिने शिंप्याचा खडू घेतला आणि कापायच्या टेबलावर, कापडाचे गठ्ठे बाजूला सारून, मोठ्या अक्षरात लिहिले : पान एकशे बारा म्हणजे कोट.

उरलेले पाच दिवस त्या घरात पुस्तकाची शिवण उसवली गेली. प्रत्येक प्रकरण आले की बाई त्याला गिऱ्हाइकाच्या कपड्याला विचारतात तेच तीन प्रश्न विचारत : झिजलंय कुठे? आधी कुणी उसवलं होतं? आणि आत माया किती ठेवली होती? माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून सोडलेले जादा कापड. पुढेमागे कपडा सोडायची वेळ आली तर उपयोगी पडते. विणकरांचे प्रकरण त्यांना पहिल्यांदा समजले ते या तिसऱ्या प्रश्नामुळे. "यांच्याकडे मायाच नव्हती गं," त्या इस्त्री थांबवून म्हणाल्या. "आज विणलं तर आज खाल्लं. भाव दोन बोटं घसरला आणि शिवण फाटली. यंत्र वाईट म्हणून नाही. सोडायला कापडच नव्हतं म्हणून." लेकीने ते वहीत जसेच्या तसे उतरवले. तिला एकाहत्तर मिळाले होते, पण हे तिने लिहिले नव्हते.

प्रश्न आता बाई स्वतः काढू लागल्या. सोळा तारखेपर्यंत सव्वीस झाले. उत्तरे द्यायला घरात कुणीतरी हवे म्हणून प्रायश्चित्तादाखल मीटरवाल्यांना बसवले जाई.

"मालकाला घड्याळ का आवडतं?"

"वेळ कळते."

"पण का?"

"वेळेवर... अगं, मला कामावर जायचंय!"

"हेच उत्तर लिहा. चार गुण."

एकदा मात्र बाईंनी विचारले, "मीटर वाचायला आज माणूस लागतो. उद्या मीटर स्वतःच आकडा पाठवील. मग तुमचं नक्की काय जाईल? कौशल्य, की नुसती नोकरी?"

मीटरवाल्यांनी विचारले, "हा पुस्तकात आहे?"

"नाही. मी काढला."

त्यांनी मीटरची वही चाळली. मग म्हणाले, "कुठल्या घरी कुत्रं बांधलेलं नसतं ते मला माहीत आहे. कुठली म्हातारी दार उघडायला पाच मिनिटं घेते तेही. हे कौशल्यात धरतात का?"

बाईंनी पुस्तक पुढेमागे चाळून पाहिले. "धरायला हवं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी आणखी प्रश्न विचारले नाहीत.

अठरा तारखेला सकाळी दहाला पेपर हातात पडला. बाईंच्या पुढच्या बाकावरचा मुलगा मागे वळून म्हणाला, "काकू, बाद झालो." बाईंनी वाचायला सुरुवात केली. सव्वीसपैकी एकही प्रश्न तसाच्या तसा आला नव्हता. खिशातल्या पाचांपैकीही एकही नव्हता. तिसरा प्रश्न सक्तीचा होता, वीस गुणांचा : 'हाताने घडवलेली वस्तू आणि कारखान्यात बनलेली वस्तू यांतील फरक केवळ वेगाचा आणि किमतीचा आहे काय? स्वतःच्या निरीक्षणातील उदाहरणाच्या आधारे विश्लेषण करा.'

बाई अकरा मिनिटे काही न लिहिता बसल्या. पर्यवेक्षक जवळ आले. "बरं वाटत नाहीये का?"

"कोट आठवतेय," बाई म्हणाल्या.

पर्यवेक्षकांनी पंखा वाढवला.

मग त्यांनी लिहायला घेतले. उदाहरणादाखल दोन कोट घेतले. पहिला एका शिंप्याने चौदा वर्षांपूर्वी शिवलेला. साल त्याने आतल्या पट्टीवर स्वतः लिहून ठेवले होते. दुसरा एका कारकुनाचा, दुकानातून तयार घेतलेला, जेमतेम एक वर्षाचा. दोन्ही घट्ट झाले म्हणून सोडायला आले. दुसऱ्याची शिवण उसवली तर आत नखाएवढे कापड होते. तो कोट तसाच परत गेला. पहिल्याच्या आत सुयांच्या छिद्रांच्या दोन ओळी होत्या, म्हणजे तो आधी एकदा सोडला गेला होता, आणि तरीही आणखी एकदा सोडण्याइतकी माया शिल्लक होती. त्यापुढचे वाक्य असे होते : 'शिंप्याने जादा कापड आत ठेवले, कारण हे गिऱ्हाईक परत येणार आणि त्याचे पोट वाढणार, हे दोन्ही त्याने गृहीत धरले होते. कारखान्याला गिऱ्हाईक परत यायला हवे असते, पण तो कोट परत यायला नको असतो.' मग बटण, काज, उजव्या खिशाच्या तोंडाशी मुरलेली खडूची भुकटी, आणि घेरात पडलेला दोन इंचांचा फरक. पुरवणी एकच लागली.

फाटकाबाहेर मीटरवाले आणि लेक उभे होते.

"'चर्चा करा' किती?"

"पाच."

"शक्यच नाही!"

"सक्तीचा कशावर होता?" लेकीने विचारले.

"हातची वस्तू आणि कारखान्याची. मी कोटावर लिहिलं."

"कुणाच्या कोटावर?"

रस्ता ओलांडायला निघालेल्या बाई फुटपाथवरच थांबल्या. पेपर तीन तासांचा होता. तीन तासांत त्यांना हे सुचले नव्हते.

"नाव नाही लिहिलं," त्या सावकाश म्हणाल्या.

"पोट लिहिलंस?"

"तो तर मुख्य पुरावा आहे."

"खडू?"

मीटरवाल्यांनी बाईंच्या हातातली पिशवी घेतली. सतरा पेपर, सात वर्षे, केंद्रातली जागा, हे सगळे आता एका माणसाला स्वतःच्या पोटाबद्दल काय वाटते यावर टांगले गेले होते.

बावीस तारखेला संध्याकाळी पाचला सर आले. मीटरवाले खोलीच्या कोपऱ्यात काही कारण नसताना काजांचे दोरे वेगळे करत बसले. सरांनी कोट घातला, आरशात पाहिले, बटण लावले. लागले. बाईंना वाटले, झाले. तेवढ्यात सरांनी कोट पुन्हा काढला, उलटा केला आणि दिव्याखाली धरला. कोट अर्ध्या अस्तराचा होता. बाजूची शिवण आतून दिसत होती. सर त्या शिवणीवर बोट फिरवत होते.

बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने शिवण आतून पाहिली नव्हती.

"या तीन ओळी?" सर म्हणाले.

"पहिली मूळची. दुसरी कुणीतरी सोडलेली. तिसरी माझी."

"आणि आता... ते काय म्हणतात... माया किती उरली?"

"पाव इंच."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या वेळी नवा कोट."

सरांनी मान डोलावली. बाईंनी ड्रॉवर उघडून पाकीट दिले. "हे खिशात होतं."

सरांनी टाचणी काढली, कागद उलगडला. "अरे! हा दोन वर्षांपूर्वीचा. प्रेसला द्यायची प्रत हरवली म्हणून मी पुन्हा सगळं लिहून काढलं होतं." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "वाचलात?"

"दुकानात खिशातलं वाचत नाही."

कोपऱ्यातून खोकला आला.

बाईंनी एक श्वास घेतला. "मी नाही वाचला. घरातल्या एकानं वाचला. त्याचा काही उपयोग झाला नाही."

सरांनी कोपऱ्याकडे पाहिले. तिथे दोऱ्यांचा मोठा गुंता तयार झाला होता. "पण का?" ते म्हणाले. ते उपयोगाबद्दल विचारत होते की वाचण्याबद्दल, हे कळायच्या आत त्यांनी कोट हातावर घेतला आणि ते गेले.

"ओळखलं का गं?" मीटरवाल्यांनी विचारले.

"शिवण उलटून पाहिली ना," बाई म्हणाल्या. "माझं उत्तर वाचल्याशिवाय कुणी पाहत नाही."

निकाल तेहतीस दिवसांनी लागला. बाईंना सत्तावन्न मिळाले.

लेकीने तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला आणि एकाहत्तरचा विषय काढला नाही. मीटरवाल्यांनी भिंतीवरचा तक्ता खिळ्यावरून उतरवला. बाईंनी त्याच दिवशी बारा वाजायच्या आत तात्पुरते प्रमाणपत्र केंद्रात नेऊन दिले. मुख्याध्यापिकांनी ते फायलीत लावले, सही करायला पेन मागितले आणि म्हणाल्या, "हं. आता हातही चालतील." उत्तरपत्रिकेच्या प्रतीचा अर्ज बाईंनी सवयीने केलाच.

प्रत आठवड्याने आली. तिसऱ्या प्रश्नाला वीसपैकी सोळा होते. शेवटच्या पानावर तीच लाल शाई : 'विश्लेषण आहे. पुरावा मात्र फारच जवळून पाहिलेला.' आणि आत, 'घेरात दोन इंचांचा फरक' या शब्दांभोवती गोल करून, समासात बारीक अक्षरात लिहिले होते : 'पावणेदोन.'

बाईंनी ते वाचले. पावतीपुस्तक काढले, ४१७ ची स्थळप्रत शोधली. दोन इंच. "मी फेरतपासणीचा अर्ज करते."

"अगं, पास झालीस ना!" मीटरवाले ओरडले.

"गुणांसाठी नाही. माप मी घेतलंय."

"आई," लेक म्हणाली, "त्यांचं पोट, त्यांचा पेपर. सोड पाव इंच."

बाईंनी अर्ज केला नाही. पण स्थळप्रतीच्या त्या पानात त्यांनी एक टाचणी लावून ठेवली.

पुढच्या महिन्यात सर पुन्हा आले. हातात नव्या कोटाचे कापड होते, गडद निळे. निकालाचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. सर आरशासमोर हात पसरून उभे राहिले, बाईंनी खांदे घेतले, बाह्या घेतल्या, छाती घेतली आणि टेप पोटाभोवती आणली.

"घरी मी स्वतः मोजलंय," सर समोर बघत म्हणाले. "दोनदा."

"आरशासमोर उभं राहून?"

"अर्थात."

बाईंनी टेप तशीच धरून ठेवली.

"श्वास सोडा, सर."

सर काही क्षण तसेच उभे राहिले. मग त्यांनी श्वास सोडला, आणि टेप बाईंच्या बोटांतून पाव इंच पुढे सरकली.